‘पाहणे’ या क्रियापदाचा अर्थनिर्णय : साक्षी, अध्यक्ष आणि अधिकरण

भाषेतील काही क्रियापदे अशी असतात की, त्यांचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे या समजुतीने त्यांचा निर्णय कोणीच करीत नाही. मराठीतील ‘पाहणे’ हे क्रियापद त्यांपैकी एक होय. डोळ्याने रूपाचे ग्रहण करणे हा त्याचा मुख्यार्थ. परंतु ‘थोरला मुलगा शेती पाहतो’, ‘आश्रमाची कोठी अमुक भिक्षुक पाहतात’, ‘हिशेब कोण पाहतो?’ अशा वाक्यांत डोळ्याच्या व्यापाराशी फारसा संबंध उरत नाही. दृष्टी गेलेला वृद्धही बसल्या जागी घराचा कारभार ‘पाहू’ शकतो आणि दिवसभर बांधावर उभा राहिलेला डोळस मनुष्य शेतीचे काहीच ‘पाहत नाही’ असेही लोक म्हणतात. यावरून येथे ‘पाहणे’ म्हणजे दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या कामाचा भार आपणावर घेणे, हा अर्थ सिद्ध होतो.

हा अर्थ मानला की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. काम करणारा एक, पाहणारा दुसरा. तर त्या कामाच्या गुणदोषांचा भागी कोण? करणारा, पाहणारा, की उभयता? प्रश्न व्याकरणाचा दिसतो, परंतु त्याचे मूळ आचारात आहे. ज्याच्या हाताखाली एकही मनुष्य काम करतो, त्या प्रत्येकाला, मग तो महंत असो, गृहस्थ वासनिक असो, मुकादम असो वा मंत्री असो, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

शब्दविचार

प्रथम या क्रियापदाच्या आसपासचे प्रयोग पाहावेत. ‘त्याचे मी पाहीन’ आणि ‘त्याला मी पाहून घेईन’ या दोन वाक्यांत धातू एकच आहे. पहिल्यात आश्वासन आहे, दुसऱ्यात धमकी. ‘म्हाताऱ्या आईबापांचे कोण पाहतो?’ या प्रश्नातील ‘पाहणे’ म्हणजे अन्न, वस्त्र, औषध आणि शब्द या सर्वांची तजवीज करणे. म्हणजे एकाच धातूतून पालनही निघते आणि शासनही निघते. कोणते निघावे हे धातू ठरवीत नाही. पाहणाऱ्याचे अंतःकरण ठरविते.

हाच भेद सहाय्यक क्रियापदांतही उमटला आहे. ‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष ठेवणे’ यांत नाम एकच असून क्रिया भिन्न आहेत. रोग्याकडे, लेकराकडे, विद्यार्थ्याकडे आपण लक्ष देतो. संशयितावर लक्ष ठेवतो. देण्यात आपल्या जवळचे काही दुसऱ्याकडे जाते, ठेवण्यात आपले वजन दुसऱ्यावर पडते. ‘काम करवून घेणे’ या प्रयोगात तर ‘घेणे’ उघडच आहे. करणाऱ्याचे श्रम जातात आणि करविणाऱ्याच्या पदरात पडतात. देणे, ठेवणे, घेणे या तीन लहान क्रियापदांत देखरेख करणाऱ्या मनुष्याच्या तीन वृत्ती मराठीने नोंदवून ठेवल्या आहेत.

‘राबवणे’ हा शब्दही येथे विचारार्ह आहे. ‘राबणे’ म्हणजे अंग मोडेपर्यंत श्रम करणे. ‘राबवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. बैल राबवितात, गडी राबवितात, असा जुना प्रयोग. त्यात कठोरता असली तरी राबणारा कोण हे वाक्यात दिसत होते. आता कचेऱ्यांतून आणि वृत्तपत्रांतून ‘योजना राबवणे’ असा प्रयोग रूढ झाला आहे. येथे योजना हेच कर्म झाले आणि जो खरोखर राबतो तो वाक्यातून नाहीसा झाला. श्रम करणारा वाक्यातून गेला की पाहणाऱ्याच्या मनातूनही जावयास वेळ लागत नाही.

देखरेख करणाऱ्याची नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ पुढे असलेला, अग्रेसर. ‘अध्यक्ष’ हा संस्कृत शब्द ‘अधि’ आणि ‘अक्ष’ यांपासून झाला. वरून असलेला डोळा, असा त्याचा भाव. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दुसरा भाग अशा अध्यक्षांच्या कामांसाठीच आहे. शेतीवर सीताध्यक्ष, सूत कातण्यावर सूत्राध्यक्ष, अशी प्रत्येक व्यवसायावर त्याने दृष्टी नेमली. परंतु त्याच भागात अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगण्याची पाळीही त्याच्यावर आली. डोळा नेमला की त्या डोळ्यावर दुसरा डोळा नेमावा लागतो, त्यावर तिसरा. शास्त्रकार ज्यास अनवस्था म्हणतात तो दोष येथे प्राप्त होतो. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण लोकांनी याच अनुभवावरून केली आहे. केवळ वरून पाहण्याने काम सुरक्षित राहत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

व्यवहारातील उदाहरणे

शब्दाची परीक्षा व्यवहारात होते. त्यासाठी जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, ज्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे, तो दृष्टीपुढे ठेवावा. गोदावरीच्या उत्तरेकडील या भागात दुसऱ्याच्या कामावर देखरेख करण्याचे अनेक प्रकार एकत्र नांदत आले आहेत.

पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या तालुक्यातून जातो. कालव्याचे पाणी पाळीने सोडले जाते आणि पाळी कोणाची हे पाटकरी पाहतो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले की नाही, हे कालव्याच्या काठावरील रस्त्याने जाऊन कळत नाही. शेतकरी रात्री चिखलात उभा राहून दारे धरतो, म्हणजे एका वाफ्याचे तोंड बुजवून दुसऱ्याचे उघडतो. तोही पाहतच असतो. परंतु त्याचे पाहणे आणि त्याचे करणे यांत अंतर नाही. पाणी कोठे फुटले हे त्याच्या पायास आधी कळते, डोळ्यास नंतर.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. या तालुक्यातील अंकुशनगर येथे साखर कारखाना आहे आणि मराठवाड्यातून हजारो कुटुंबे हंगामात ऊस तोडण्यासाठी गाव सोडतात. मुकादम कारखान्याकडून रक्कम घेतो, ती मजुरांस उचल म्हणून देतो आणि हंगामभर त्यांच्याकडून तोडणी करवून घेतो. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे, त्यांची भूक, त्यांची आजारपणे, त्यांची लहान मुले, इतके सर्व एका हत्याराच्या नावात बसविले जाते. मुकादम वाईट असतो असे येथे म्हणावयाचे नाही. पुष्कळदा तोही पूर्वी कोयताच होता आणि कारखान्याच्या उचलीचा भार त्याच्याही मानेवर असतो. परंतु जे नाव आपण माणसास देतो, तेवढेच आपणास दिसते. ‘कोयते किती?’ असे मोजणाऱ्यास गरोदर स्त्री फडात वाकली आहे हे दिसणे कठीण होते.

तिसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुरू झालेली ही व्यवस्था १९७७ च्या अधिनियमाने कायद्यात आली आणि तो अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्यात हजेरीपत्रक आले, मोजमाप आले, कामावर देखरेख करणारा आला. पुढे २००५ मध्ये देशासाठी कायदा झाला, आणि त्याखालील कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून पाठविण्याची सक्ती करण्यात आली. खोटी हजेरी थांबावी हा त्यामागील हेतू, आणि तो अयोग्य नव्हे. परंतु छायाचित्रात मजूर उपस्थित दिसला तरी त्यास प्यावयास पाणी होते की नाही, हे त्यात उमटत नाही. आणि जेथे जाळे मिळाले नाही तेथे दिवसभर खणलेला मनुष्यही अनुपस्थित ठरण्याचा प्रसंग येतो. डोळा यंत्राचा झाला. पाहण्याचा जो भार घेणे हा अर्थ, तो कोणाकडे गेला?

पूर्वपक्ष

येथे दोन पक्ष संभवतात. पहिला पक्ष म्हणतो : पाहणारा हा केवळ द्रष्टा आहे. क्रिया हातांनी होते. ज्याचे हात त्याची क्रिया, ज्याची क्रिया त्याचा दोष. दिव्याच्या उजेडात चोराने चोरी केली म्हणून दिवा चोर ठरत नाही. तद्वत् देखरेख करणारा साक्षी होय आणि साक्षीस लेप नाही.

दुसरा पक्ष याच्या उलट म्हणतो : काम करणारा हा केवळ साधन आहे. कुऱ्हाड झाड तोडते, परंतु दोष कुऱ्हाडीचा कोणी मानीत नाही. हाताखालच्या मनुष्याने आज्ञा पाळली; पाळली नसती तर त्याची भाकर गेली असती. म्हणून सर्व दोष करविणाऱ्याचा, करणाऱ्याचा काही नाही.

दोन्ही पक्ष दिसावयास परस्परविरुद्ध आहेत. परंतु दोघांचा उपयोग एकच होतो : जो बोलतो त्याच्या अंगावरून भार उतरतो. वरचा मनुष्य पहिला पक्ष धरतो, खालचा दुसरा. आणि झालेल्या अपकाराचा स्वामी कोणीच उरत नाही.

समाधान

दुसऱ्या पक्षाचे निरसन प्रथम करणे सोयीचे आहे. पाणिनीने जो स्वतंत्र तो कर्ता, अशी कर्त्याची व्याख्या केली. त्या स्वतंत्रास जो प्रवृत्त करतो, त्यास त्याने लगेच पुढे ‘हेतु’ ही संज्ञा दिली आणि ‘कर्ता’ ही संज्ञाही दिली. येथे सूक्ष्म गोष्ट ही की, प्रवृत्त करणारा कर्ता झाला म्हणून प्रवृत्त झालेल्याचे कर्तृत्व नष्ट झाले नाही. करविणे हे स्वतंत्रालाच लागू पडते. कुऱ्हाडीकडून कोणी काही ‘करवून घेत’ नाही, कुऱ्हाड चालवितात. ज्याअर्थी मनुष्याकडून काम करवून घेतात, त्याअर्थी तो नकार देऊ शकणारा आहे, हे मान्यच झाले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न मानणाऱ्या या मार्गात, ‘करविता दुसराच आहे’ असे म्हणून जीवास आपल्या क्रियेचा भार टाकून देता येत नाही. नकाराची किंमत मोठी असेल, आणि तिचा विचार करून त्याच्याविषयी दया उपजली पाहिजे. परंतु दया वेगळी आणि दोषाभाव वेगळा.

आता पहिला पक्ष. देखरेख करणारा साक्षी होय काय? साक्षी म्हणजे साक्षात् पाहणारा. रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूने एखादी घटना पाहिली तर तो साक्षी. त्यास ती घडविण्याचा अधिकार नव्हता, थांबविण्याचाही नव्हता. देखरेख करणाऱ्यास मात्र ‘पुरे’ असे म्हणण्याचे सामर्थ्य असते. त्यासाठीच त्याची नेमणूक असते. हे सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे, तो डोळे मिटून घेतले तरी साक्षीच्या कोटीत जात नाही. दिव्याचा दृष्टांत म्हणूनच येथे लागत नाही. दिवा चोराचा हात धरू शकत नाही. राखणदार धरू शकतो. राखणदाराच्या उशाशी चोरी झाली तर तो निजला होता हे त्याचे समर्थन होत नाही, तोच त्याचा अपराध ठरतो.

म्हणून निर्णय असा : करणारा आपल्या क्रियेचा पूर्ण भागी; पाहणारा, त्यास थांबविणे जितके शक्य होते तितक्या अंशी, त्याच क्रियेचा भागी. हा भाग पहिल्याच्या भागातून कापून काढलेला नसतो. धान्य वाटले की प्रत्येकाचा वाटा लहान होतो. दोष वाटला तर कोणाचाच लहान होत नाही. गुणाचेही तसेच आहे. उत्तम काम झाले तर करणाऱ्याचे श्रेय पाहणाऱ्याने घ्यावयाचे नसते. पाहणाऱ्याचे श्रेय निराळे आहे. काम करणारा निर्भयपणे आणि अपमानाशिवाय काम करू शकला, हे ते श्रेय होय.

अंतरवाली सराटी, २०२३

हा निर्णय कठीण प्रसंगास लावून पाहिल्याशिवाय त्याची खात्री पटणार नाही. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीसाठी अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलीस आणि जमलेले लोक यांच्यात संघर्ष होऊन लाठीमार झाला, अश्रुधूर सोडण्यात आला. स्त्रियांसह अनेक ग्रामस्थ जखमी झाले. पोलीसही जखमी झाले. त्यानंतर साऱ्या महाराष्ट्रात एकच प्रश्न गाजला : ‘आदेश कोणी दिला?’ शासनाच्या बाजूने उत्तर आले की, असे आदेश मंत्रालयातून दिले जात नाहीत, तो निर्णय जागेवरील अधिकाऱ्यांचा असतो. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, आणि गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली.

या घटनेत कोणाचा किती दोष, हा न्यायनिर्णय येथे करावयाचा नाही. येथे विचार फक्त क्रियापदाचा. ‘आदेश देणे’ हे क्रियापद एका क्षणाचे आहे. आदेश दिला नाही असे सिद्ध झाले की प्रश्न संपतो. मराठीत मात्र ‘बंदोबस्त पाहणे’, ‘खाते सांभाळणे’ अशीही क्रियापदे आहेत, आणि ती क्षणाची नव्हेत. ज्याने आदेश दिला नाही, परंतु जो पाहत होता, ज्याच्या ‘थांबा’ या शब्दाने उगारलेली लाठी खाली आली असती, त्याच्यापर्यंत ही क्रियापदे पोहोचतात. आदेश न दिलेल्याने क्षमा मागावी, हे म्हणूनच निरर्थक ठरत नाही. त्या क्षमायाचनेत, पाहणाऱ्याचाही भाग असतो, हे तत्त्व गृहीत आहे. ज्याच्या हातात लाठी होती त्याचे कर्तृत्व त्यामुळे पुसले जात नाही, हेही तितकेच खरे.

हेच माप दुसऱ्या बाजूसही लावले पाहिजे, अन्यथा ते माप नव्हे. जो समुदाय जमवितो, तो समुदायाचे पाहतो. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच गावी प्रचंड सभा झाली. एवढ्या गर्दीत पाणी, वाट, वाहने आणि म्हातारी माणसे यांचे पाहणाऱ्या स्वयंसेवकांची नावे कोणी छापली नाहीत, आणि सभा पार पडली. परंतु ३० ऑक्टोबर रोजी बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींची घरे जाळण्यात आली. नेतृत्वाने शांततेचे आवाहन केले होते. ज्यांनी आग लावली त्यांचे कर्तृत्व त्यांचेच. तथापि गावोगावी ज्यांच्या शब्दास मान होता आणि जे त्या रात्री उगे राहिले, त्यांस ‘आम्ही फक्त पाहत होतो’ असे म्हणून सुटता येईल काय? मराठी भाषाच त्यांना सोडीत नाही. पाहत होतो, हीच त्यांची कबुली ठरते.

अधिकरण

मग पाहणाऱ्याने कसे पाहावे? केवळ वर बसलेला डोळा होऊन काम साधत नाही, हे कौटिल्याच्या चाळीस प्रकारांवरून दिसले. साक्षी होऊन सुटका नाही, हेही दिसले. येथे या मार्गातील एक शब्द साहाय्यास येतो. उपदेश आणि आचार ज्याच्या आश्रयाने चालतात त्या गुरूस पंथात ‘अधिकरण’ म्हणतात. व्याकरणातही अधिकरण म्हणजे आधार, क्रिया जेथे घडते ते स्थान. अध्यक्ष आणि अधिकरण या दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘अधि’ हा उपसर्ग आहे; परंतु अध्यक्ष वरून पाहतो आणि अधिकरण खालून धरते. चटईवर मनुष्य बसला तर चटई त्यास पाहत नाही, त्याचे वजन सोसते. शिष्याचे वजन सोसण्याची तयारी असलेल्यानेच त्याचा आचार पाहावा, असा या योजनेचा आशय दिसतो.

आचार्य नागदेव यांच्या चरित्रातून याचे उदाहरण घेता येते. स्मृतिस्थळातील आठवण सर्वश्रुत आहे. पंडित केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी ती थांबविली. कारण संस्कृत न जाणणाऱ्या साध्याभोळ्या स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील. केशोबासांच्या पांडित्यात न्यून नव्हते, रचनेत दोष नव्हता. कामाकडेच पाहणाऱ्या अध्यक्षास तेथे थांबविण्यासारखे काही सापडले नसते. आचार्यांची दृष्टी मात्र कामाच्या पलीकडे, ज्यांच्यासाठी काम होते त्यांच्यावर होती, आणि त्यांतही जी सर्वांत मागे बसलेली, तिच्यावर. म्हणून त्यांनी ‘पुरे’ म्हटले. आणि त्या एका शब्दाचे फळ मराठी भाषा आजवर भोगीत आहे.

तेव्हा कालव्याची पाळी पाहणाऱ्याने शेवटच्या शेतापासून पाहण्यास आरंभ करावा. मुकादमाने कोयते मोजण्यापूर्वी माणसे मोजावीत, आणि मुलेही मोजावीत. कामावरील हजेरी घेणाऱ्याने छायाचित्र पाठवून झाल्यावर पाण्याच्या घागरीत हात घालून पाहावा. बंदोबस्त पाहणाऱ्याने आपल्या ‘थांबा’ या शब्दाचे सामर्थ्य प्रसंग येण्यापूर्वी ओळखून ठेवावे. आश्रमात ज्याच्याकडे झाडलोट, भिक्षा आणि पाठांतर यांची देखरेख आहे, त्याने चुकलेल्या शिष्यास विचारण्यापूर्वी, ही चूक होऊ नये म्हणून आपण काय सोसले, हे स्वतःस विचारावे. या प्रश्नास उत्तर नसेल तर त्याने दुसऱ्याचा दोष उच्चारण्याचा अधिकार त्या दिवसापुरता बाजूस ठेवावा आणि झाडणी हातात घ्यावी. ‘करून पाहणे’ असा एक प्रयोग मराठीत आहेच. दुसऱ्याचे काम ज्याने एकदा तरी स्वतः करून पाहिले, त्यास ते काम पाहण्याची पात्रता थोडी तरी आली, असे समजण्यास हरकत नाही.